मेंदूत छोटा अ‍ॅन्युरिझम निघालाय? मग आधी काय करायचं, नंतर काय करायचं

आईला चक्कर येत होती म्हणून एमआरआय काढला. चक्कर निघाली कानाची, ती पंधरा दिवसांत गेली पण, पण रिपोर्टच्या शेवटून दुसऱ्या ओळीत एक भलतंच प्रकरण निघालं, डाव्या मिडल सेरेब्रल आर्टरीच्या (मेंदूतली एक मोठी रक्तवाहिनी) फाट्यावर ४.२ मिमीचा सॅक्युलर, म्हणजे पिशवीसारखा अ‍ॅन्युरिझम. रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला, डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नव्हते, आणि मधले दोन दिवस आमच्या घरात काय झालं असेल ते ज्यांच्याकडे असा रिपोर्ट आलाय त्यांना सांगायला नको. कऱ्हाडच्या काकांनी तर "मेंदूत गाठ आहे" असं अर्ध्या गावाला सांगून टाकलं होतं.

मी डॉक्टर नाही. पण गेल्या तीन वर्षांत चार न्यूरोसर्जन, दोन इंटरव्हेन्शनवाले डॉक्टर आणि ढीगभर कागद पालथे घातलेत, त्यामुळे जे त्या शुक्रवारी कोणीतरी मला सांगायला हवं होतं ते क्रमाने लिहितेय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक थेट "कॉइल करू की क्लिप" (आतून तारा भरून बंद करायचा की ऑपरेशन करून चिमटा लावायचा) पासून सुरू करतात आणि तो प्रश्न खरं तर बऱ्याच नंतरचा आहे. आणि हे सगळं न फुटलेल्या, छोट्या, म्हणजे साधारण ७ मिमीच्या आतल्या अ‍ॅन्युरिझमबद्दल आहे. फुटलेल्याचं गणितच वेगळं, तिथे थांबायचं नसतं.

सगळ्यात आधी, हे आहे काय

गाठ नाही, ट्यूमर नाही, कॅन्सर नाही. सायकलची ट्यूब एखाद्या जागी पातळ झाली की तिथे फुगा येतो ना, तसं रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेला फुगवटा. बहुतेक वेळा जिथे वाहिनीला फाटा फुटतो तिथे येतो कारण तिथे रक्ताचा मारा जास्त. ४ मिमी म्हणजे मुगाचा दाणा. २ मिमी म्हणजे मोहरी. आणि हे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही, जगभरच्या अभ्यासांवरून साधारण १०० मोठ्या माणसांत ३ जणांना असतो, बहुतेकांना आयुष्यभर कळतसुद्धा नाही. आता एमआरआय उठसूट होतात म्हणून सापडतो.

पण फुटला तर मात्र वाईट, मेंदूभोवती रक्त पसरतं, साधारण तीनातला एक माणूस जातो आणि वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना काही ना काही कायमचं मागे राहतं. म्हणून डॉक्टर लोक "काही नाही हो" असंही म्हणत नाहीत आणि तुम्ही पण म्हणू नका.

पायरी १: फुटल्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा

हे पहिल्याच दिवशी करा, डॉक्टर भेटायच्या आधी. अचानक, अक्षरशः सेकंदा-मिनिटात टोकाला जाणारी डोकेदुखी, "आयुष्यात असं डोकं दुखलं नव्हतं" अशी, सोबत उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं, फिट येणं. असं झालं की १०८ लावायचा आणि जिथे सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत अशा हॉस्पिटलला जायचं, गल्लीतल्या दवाखान्यात वेळ घालवायचा नाही. दुखतंय म्हणून डिस्प्रिन, अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, त्याने रक्त पातळ होतं. साधा, डाय (वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) न घालता केलेला सीटी पहिल्या सहा तासांत रक्त जवळजवळ नक्की दाखवतो, म्हणून लवकर पोचणं एवढं महत्त्वाचं.

दुसरं लक्षण कमी लोकांना माहीत असतं. एका डोळ्याची पापणी अचानक खाली येणं, एकाचं दोन दिसणं, त्या डोळ्याची बाहुली मोठी होणं, बरेचदा डोळ्यामागे दुखतं पण. याचा अर्थ फुगा वाढून डोळ्याच्या नसेवर दाबत असू शकतो. ही पण इमर्जन्सीच, उद्या डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू म्हणून थांबायचं नाही.

रोजची नेहमीची डोकेदुखी, मायग्रेन, टेन्शनने दुखणारं डोकं हे सहसा छोट्या अ‍ॅन्युरिझममुळे नसतं. आई पहिले दोन महिने प्रत्येक वेळी डोकं दुखलं की पलंगावर आडवी पडून देवाचं नाव घ्यायची, शेवटी डॉक्टरांनी तिला समोर बसवून हा फरक समजावला तेव्हा कुठे शांत झाली.

पायरी २: खरंच आहे का ते पक्कं करा

साध्या एमआरआयवरून निर्णय घेऊ नका. रक्तवाहिन्यांचा वेगळा स्कॅन लागतो. एक एमआर अँजिओ, यात बरेचदा इंजेक्शन पण लागत नाही, रेडिएशन नाही. दुसरा सीटी अँजिओ, यात आयोडिनचा डाय देतात म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, आधी कधी डायची अ‍ॅलर्जी झाली असेल तर न विचारता स्वतःहून सांगा. तिसरा डीएसए, म्हणजे मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून मेंदूच्या वाहिन्यांपर्यंत नेतात आणि डाय सोडून फोटो काढतात. हा सगळ्यात अचूक, पण यात थोडा का होईना स्ट्रोकचा धोका असतो, अनुभवी हातात एक टक्क्याच्या खाली, तरी शून्य नाही. त्यामुळे २ मिमीच्या ठिपक्यासाठी लगेच डीएसए करायची घाई नको, ट्रीटमेंट करायचं ठरत असेल किंवा चित्र स्पष्ट नसेल तर करतात. गंमत म्हणजे याचं मूळ १९२७ सालचं, पोर्तुगालच्या एगास मोनिझनी पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूच्या वाहिन्या एक्सरेवर दाखवल्या होत्या.

पक्कं करायचं कारण असं की काही "अ‍ॅन्युरिझम" हे अ‍ॅन्युरिझम नसतातच. पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग नावाची वाहिनी जिथून निघते तिथे कधीकधी निमुळतं, नरसाळ्यासारखं तोंड असतं, त्याला इन्फंडिब्युलम म्हणतात, ३ मिमीच्या आतलं असतं आणि एमआरवर हुबेहूब फुग्यासारखं दिसतं. मैत्रिणीच्या सासऱ्यांचं असंच झालं, महिनाभर घर सुतकात आणि शेवटी निघालं नरसाळं.

आणि एक, फिल्म घेऊन फिरू नका. सेंटरवरून सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ इमेजेस मागून घ्या, त्या तुमच्या हक्काच्या आहेत. सेकंड ओपिनियनला डॉक्टर स्वतः फिरवून फिरवून बघतात, फिल्मवर काही कळत नाही. आम्ही पहिल्यांदा फिल्मचं भेंडोळं घेऊन गेलो, फी भरली आणि "सीडी आणा" ऐकून परत आलो.

पायरी ३: मिलिमीटर एकटा काही सांगत नाही

इथे जरा बसून वाचा, सगळा निर्णय इथे आहे.

किती मोठा, कुठे आहे, आकार कसा आहे, आणि माणूस कोण आहे, या चार गोष्टी एकत्र बघायच्या. जागेचं उदाहरण घ्या. कॅव्हर्नस भागातला, म्हणजे कवटीच्या तळाशी मेंदूच्या आवरणाच्या बाहेर असलेला छोटा अ‍ॅन्युरिझम फुटला तरी सहसा मेंदूभोवती रक्तस्राव करत नाही, त्यामुळे बरेचदा नुसता सोडून देतात. तेवढाच फुगा पुढच्या किंवा मागच्या (अँटिरिअर किंवा पोस्टिरिअर) कम्युनिकेटिंग आर्टरीवर, म्हणजे मेंदूतल्या मोठ्या वाहिन्यांना जोडणाऱ्या छोट्या वाहिनीवर असला की डॉक्टरांचा चेहरा बदलतो. आकार म्हणजे फुगा गोल गुळगुळीत आहे की त्यावर अजून एक टेंगूळ आहे, त्याला डॉटर सॅक म्हणतात, ते असलं की धोका वाढतो. माणूस म्हणजे वय, बीपी, सिगारेट, आधी कधी दुसरा अ‍ॅन्युरिझम फुटलाय का, घरात कोणाला होता का.

आकडे. जपानमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०१२ ला छापून आला, ५,७२० पेशंट, ६,६९७ अ‍ॅन्युरिझम. त्यात ३ ते ४ मिमीवाले वर्षाला ०.३६ टक्के फुटले, ५-६ मिमीवाले ०.५० टक्के, ७ ते ९ मिमीवाले १.६९ टक्के. म्हणजे ४ मिमीवाल्या हजार जणांत वर्षाला तीन-चार. त्याआधी २००३ मध्ये अमेरिका, कॅनडा, युरोपातला मोठा अभ्यास आला होता, त्यात तर ७ मिमीच्या आतले, मेंदूच्या पुढच्या बाजूचे, आधी रक्तस्राव न झालेले पेशंट बघितले तर पाच वर्षांत फुटण्याचं प्रमाण शून्य आलं. मागच्या बाजूचे आणि पोस्टिरिअर कम्युनिकेटिंगवरचे मात्र २.५ टक्के. यावर बरेच डॉक्टर नाक मुरडतात कारण ज्यांचा धोका जास्त वाटला त्यांचं ऑपरेशन आधीच करून टाकलं होतं, मग उरलेल्यांचा आकडा कमी येणारच.

आणि इमर्जन्सीत रक्तस्राव होऊन येणाऱ्या पेशंटमधले खूप जणांचे अ‍ॅन्युरिझम ७ मिमीच्या आतलेच असतात, हे पण खरं. दोन्ही एकाच वेळी कसं? तर छोटे अ‍ॅन्युरिझम एवढ्या प्रचंड संख्येने लोकांत आहेत की त्यातला अगदी थोडा टक्का फुटला तरी वॉर्ड भरतो. हे कळलं तेव्हा मला उमगलं की एकाच सीडीवर एक सर्जन "लगेच करून टाका" आणि दुसरा "सहा महिन्यांनी या" का म्हणतो. पहिला रोज फुटलेले बघतो.

फेसेस (PHASES) नावाचा फुटण्याचा धोका मोजायचा एक स्कोअर आहे २०१४ चा, तो डॉक्टरांना काढायला सांगा किंवा त्यांच्यासमोर बसून काढा. बीपी असेल तर १ पॉइंट, वय ७० किंवा पुढे १, आधी दुसरा अ‍ॅन्युरिझम फुटला असेल तर १, साइझ ७ च्या आत ० आणि ७ ते ९.९ ला ३, जागा कॅरॉटिड (मानेतून मेंदूत जाणारी मुख्य वाहिनी) ०, मिडल सेरेब्रल २, अँटिरिअर सेरेब्रल (अँटिरिअर कम्युनिकेटिंग यातच धरतात), पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग किंवा मागची बाजू ४. आईचं झालं बीपीचा १ अधिक जागेचे २, एकूण ३, म्हणजे पाच वर्षांत फुटण्याची शक्यता ०.७ टक्के. हाच फुगा अँटिरिअर कम्युनिकेटिंगवर असता तर ५ पॉइंट आणि १.३ टक्के. स्कोअरमध्ये जपानी आणि फिनलंडच्या लोकांना जादा पॉइंट आहेत, भारतीयांसाठी वेगळा रकाना नाही कारण त्यात आपले पेशंटच नव्हते. शिवाय यात सिगारेट नाही, टेंगूळ नाही, घराण्याचा इतिहास नाही. त्यामुळे अंदाज म्हणून धरा, कुंडली म्हणून नाही.

पायरी ४: निर्णय काहीही होवो, हे आजपासून

बीपी. घरी मशीन घ्या, दंडावर बांधायचं, मनगटाचं नको, आणि वहीत लिहा. गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, आमच्याकडे बायका उपासाच्या दिवशी गोळी पण सोडतात, ते बंद. सिगारेट-बिडी पूर्ण बंद, कमी करणं नाही, बंद, ही गोष्ट पूर्ण तुमच्या हातात आहे आणि खरोखर फरक पाडते. आईची मशेरी पण आम्ही याच निमित्ताने सोडवली, डॉक्टरांनी सांगितलं तंबाखू ती तंबाखू, तीन आठवडे घरात भांडणं झाली पण सुटली. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर लावायची वेळ येऊ नये. सर्दीच्या काही गोळ्यांनी बीपी चढतं, मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका.

चालणं, घरकाम, नोकरी, बस-रेल्वे-विमान, हे सगळं सहसा चालतं, पण एकदा विचारून घ्या. आईला शीर्षासन आणि जड वजन उचलणं नको म्हणाले, बाकी सगळं कर म्हणाले. गळ्याशी आल्यासारखं जगायची गरज नाही. आणि फुगा विरघळवणारं औषध जगात कुठेही नाही, ना अ‍ॅलोपॅथीत ना काढ्यात, काका अजून पुड्या पाठवतात, आम्ही हो म्हणतो आणि ठेवून देतो. अ‍ॅस्पिरिनने फायदा होतो असं काही अभ्यासांत दिसलंय, पण ते बघून स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही.

पायरी ५: दोन प्रकारच्या डॉक्टरांना भेटा

एक कवटी उघडून ऑपरेशन करणारा न्यूरोसर्जन आणि दुसरा वाहिनीतून जाऊन करणारा, म्हणजे न्यूरोइंटरव्हेन्शनवाला. ज्याच्या हातात हातोडा त्याला खिळाच दिसतो हे इथेही खरं आहे, म्हणून दोघांचं ऐका. सगळ्यात बरं म्हणजे जिथे दोघं एकत्र बसून केस बघतात अशी जागा. मुंबईत केईएमसारखी मोठी सरकारी-म्युनिसिपल हॉस्पिटलं, बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, दिल्लीचं एम्स, इथे अशा केसेस भरपूर असतात. गोव्याकडच्यांना बांबोळीचं मेडिकल कॉलेज आहे.

प्रश्न कागदावर लिहून न्या, समोर गेलं की निम्मे विसरतात. वर्षाला असे किती तुम्ही स्वतः करता? न फुटलेल्यांत तुमच्या हातून स्ट्रोक किंवा कायमचं अपंगत्व किती जणांना आलं? काहीच नाही केलं तर पुढच्या पाच वर्षांत काय शक्यता? आईच्या बाबतीत का करायचं, का नाही? मला एका ठिकाणी दुसऱ्या प्रश्नावर सर चिडले, "गूगल करून आलात का" म्हणाले, आणि पुढच्या बुधवारी ओटीचा स्लॉट देऊ केला. आम्ही नमस्कार करून उठलो. दुसरीकडे मॅडमनी तोच प्रश्न ऐकून वही काढली आणि आकडे सांगितले. न फुटलेल्या छोट्या अ‍ॅन्युरिझमला एक आठवड्याने काही बिघडत नाही, त्यामुळे "उद्याच अ‍ॅडमिट व्हा" ऐकलं तर कारण विचारा. लक्षणं असतील किंवा वाढलेला दिसला असेल तर कारण खरं असतं.

पायरी ६: पर्याय चार, त्यातला पहिला म्हणजे काही न करणं

नुसतं लक्ष ठेवणं. हे दुर्लक्ष नाही, ही पण ट्रीटमेंटच आहे. पहिला स्कॅन सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षाने किंवा दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने, म्हणजे मोजमाप जुळतं. एका सेंटरला ४.२ आणि दुसऱ्याला ४.६ आलं म्हणून लगेच वाढला असं होत नाही, नवीन रेडिओलॉजिस्टला जुनी सीडी द्यायची आणि शेजारी ठेवून बघा म्हणायचं. खरंच वाढला किंवा आकार बदलला तर धोका वाढलेला असतो आणि मग निर्णय बदलतो. एमिलिया क्लार्क नावाच्या इंग्लिश अभिनेत्रीने स्वतः हे उघड सांगितलंय, २०११ मध्ये तिचा एक फुटला, त्यावर कॉइल झालं, दुसऱ्या बाजूचा छोटा होता तो लक्ष ठेवून सोडला, २०१३ च्या स्कॅनमध्ये तो दुप्पट झालेला दिसला. आधी एक फुटलेला असला की दुसऱ्यावर जास्त बारीक नजर ठेवतात ती याचसाठी, तरी स्कॅन चुकवायचा नाही हे सगळ्यांनाच लागू.

कॉइलिंग. मांडीतून किंवा मनगटातून नळी नेऊन फुग्याच्या आत प्लॅटिनमच्या केसासारख्या मऊ तारा भरतात, लोकरीचा गुंडा होतो तसं, मग आत रक्त गोठतं आणि फुगा बंद. गुग्लिएल्मी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी अमेरिकेत १९९० मध्ये ही सुटी होणारी कॉइल पहिल्यांदा माणसात वापरली, बारीक करंट देऊन ती तार सुटते. फायदा म्हणजे कवटी उघडत नाहीत, दोन-तीन दिवसांत घरी, आठवडाभरात माणूस हिंडता-फिरता. तोटा म्हणजे तारा कालांतराने दबतात आणि पुन्हा तोंड उघडतं, एका मोठ्या आढाव्यात साधारण पाचातल्या एकाचं काही प्रमाणात उघडलं होतं आणि दहातल्या एकाला परत ट्रीटमेंट लागली होती. म्हणून कॉइल केलं म्हणजे स्कॅन संपले असं नाही. आणि लहान म्हणजे सोपं असं कोणी सांगितलं तर मान हलवू नका, ३ मिमीच्या आतल्या फुग्यात तार भरताना तो तिथेच फुटायचा धोका उलट जास्त असतो.

तोंड रुंद असेल तर तारा बाहेर येतात, म्हणून मुख्य वाहिनीत तात्पुरता बलून फुगवून किंवा स्टेंट (जाळीची नळी) टाकून कॉइल करतात. याच्या पुढची गोष्ट म्हणजे फ्लो डायव्हर्टर, बारीक जाळीची नळी मुख्य वाहिनीत ठेवतात, फुग्याला हातच लावत नाहीत, रक्त सरळ पुढे जायला लागतं आणि फुगा काही महिन्यांत आपोआप आटतो. अमेरिकेत याला २०११ मध्ये मोठ्या अ‍ॅन्युरिझमसाठी मान्यता मिळाली, आता छोट्यांतही वापरतात. फाट्यावरच्या रुंद तोंडाच्या फुग्यासाठी आत बसवायची जाळीची टोपलीपण आलीय. पण स्टेंट किंवा डायव्हर्टर म्हटलं की अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या काही महिने, आणि एक बरेचदा खूप पुढेपर्यंत. काहींना क्लोपिडोग्रेल लागूच पडत नाही, त्यासाठी टेस्ट असते, विचारा. अल्सर असेल, लवकरच दुसरं ऑपरेशन व्हायचं असेल, दाढ काढायची असेल, बाळाचा विचार असेल तर हे आधी सांगा. नंतर दातवाल्याने "गोळ्या बंद करा" म्हटलं म्हणून परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्ये रक्त गोठून स्ट्रोक येऊ शकतो.

क्लिपिंग. सगळ्यात जुना रस्ता, अमेरिकेत वॉल्टर डँडींनी १९३७ मध्ये चांदीची क्लिप लावून सुरुवात केली, आता मायक्रोस्कोपखाली टायटॅनियमची लावतात. कानापुढे केसांच्या आत चीर देऊन हाडाचा तुकडा काढतात, फुग्याच्या मानेला चिमटा लावतात, हाड परत बसवतात. साधारण आठवडाभर हॉस्पिटल, महिना-दीड महिना थकवा, काही दिवस जबडा उघडायला त्रास, चिरेच्या वर बधिरपणा. ऐकायला भयंकर, पण एकदा नीट लागली की पुन्हा उघडायची भानगड फार कमी. मिडल सेरेब्रलच्या फाट्यावरचे बरेचदा क्लिपला सोयीचे असतात, मागच्या बाजूचे, बॅसिलरचे, आतून करायला सोयीचे. जो बायडन यांना १९८८ मध्ये असे दोन होते, एक फुटलेला आणि एक न फुटलेला, दोन्हींचं ऑपरेशन झालं, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांच्याकडे डॉक्टर असतील चांगले."

क्लिप किंवा कॉइलचं कार्ड मिळतं, ते जपून ठेवा, पुढे कुठेही एमआरआय करताना दाखवायला लागतं. हल्लीच्या चालतात, जुन्या काळातल्या काही चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या होत्या म्हणून ते विचारतात.

पायरी ७: तराजू

आता दोन पारडी. एका पारड्यात न करता फुटायची शक्यता, दुसऱ्यात करताना काही बिघडायची शक्यता. २०१९ मध्ये न फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात आतून केलेल्या ट्रीटमेंटमध्ये साधारण ५ टक्के आणि ऑपरेशनमध्ये साधारण ८ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, मृत्यू मात्र दोन्हीकडे अर्ध्या टक्क्याच्या खाली. सगळ्या साइझचे धरून आहेत हे आकडे, आणि गुंतागुंत म्हणजे प्रत्येक वेळी कायमचं अपंगत्व नाही, तरीही.

आईचं वय तेव्हा ५८, पारडं सरळ "थांबा" कडे झुकलं. पण ऑफिसमधल्या एकीचा नवरा, वय ३४, रोज पाकीटभर सिगारेट, ६ मिमी, अँटिरिअर कम्युनिकेटिंगवर आणि वर टेंगूळ. साइझमध्ये आईपेक्षा फक्त पावणेदोन-दोन मिमीचा फरक, पण त्याच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षं पडलीत, दरवर्षीचा थोडा थोडा धोका साठत जातो, आणि तरुण शरीर ट्रीटमेंट झेपवतं पण. त्याने कॉइल केलं, ठीक आहे. दोन्ही निर्णय बरोबर होते. म्हणून शेजारच्यांनी काय केलं ते ऐकून ठरवू नका.

आणि आकड्यांत न बसणारी एक गोष्ट, काही लोकांना डोक्यात हे आहे हे माहीत असून झोपच लागत नाही, सहा महिने, वर्ष, तरी नाही. डॉक्टरांना हे पण सांगा, तेही पारड्यात टाकतात. फक्त भीती नवी असताना निर्णय घेऊ नका, पहिल्या महिन्यात आई "कापून टाका एकदाचं" म्हणत होती, तीन महिन्यांनी तिचंच मत बदललं.

पैशाचं

एस्टिमेट घेताना प्रोसिजरचा खर्च आणि सामानाचा खर्च वेगळा लिहून मागा. कॉइलचं बिल नगावर होतं, किती लागतील ते आत गेल्यावरच कळतं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती ते विचारा. स्टेंट, डायव्हर्टर वापरला तर नुसतं सामानच लाखांत जातं. क्लिपचं सामान त्यामानाने स्वस्त पण आयसीयूचे दिवस जास्त. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड-आधार दाखवून विचारा की तुमच्या प्रोसिजरचं पॅकेज बसतं का आणि हे हॉस्पिटल न्यूरोसाठी योजनेत आहे का, दोन्ही वेगळे प्रश्न आहेत, आणि मंजुरी अ‍ॅडमिशनच्या आधी घ्या. मोठ्या हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतो, मुख्यमंत्री सहायता निधी आणि ट्रस्टचे फॉर्म तिथे भरून देतात. नवीन मेडिक्लेम काढताना हे लपवू नका, क्लेमच्या वेळी जुने रिपोर्ट निघतातच, सांगून काढला तर वेटिंग पिरियड संपल्यावर मिळतं.

घरच्यांची तपासणी

पहिला प्रश्न आम्हा भावंडांचा हाच होता, आम्ही पण स्कॅन करायचा का? घरात एकालाच असेल तर सरसकट गरज नसते. आईवडील, सख्खी भावंडं, मुलं यांत दोन किंवा जास्त जणांना अ‍ॅन्युरिझम किंवा त्यातून रक्तस्राव झाला असेल तर एमआर अँजिओ करायला सांगतात. किडनीत फुगे येण्याचा जो आनुवंशिक आजार असतो, पॉलिसिस्टिक किडनी, तो असेल तर जरूर विचारा. आमच्यात फक्त आई, पण दादाला बीपी निघालं या निमित्ताने, ते वेगळं.

आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहिल्यात, कुठे आहे, किती मिमी, कोणत्या मशीनवर मोजला, पुढचा स्कॅन कधी. इमर्जन्सीत कोणीही फाइल उचलली तरी कळायला पाहिजे. आत्तापर्यंत तीन स्कॅन झाले, ४.२, ४.२, ४.१. पुढचा ऑक्टोबरमध्ये आहे, आणि आईचं म्हणणं तो दिवाळीनंतर ढकला, चकल्यांची भाजणी करायची राहील.